कच्ची टीप

नागपूर
४ ऑगस्ट २०२५

दीप्ती वं,

जयभीम. तू पुण्याले जाताना घरी दोन वस्तू विसरून गेली. एक मोबाइलचा चार्जर, एक आजी. चार्जरसाठी तिसऱ्याच दिवशी तुहा फोन आला. दुसऱ्या वस्तूची चौकशी अजून कोणी केली नाही, म्हणून मीच पत्र धाडून राहिली.

फोनवर मले अर्धंच ऐकू येते, अन् जे ऐकू येते ते उलटंच. पत्र बरं. तीनदा वाचून घेता येते. लिहून राहिली ती शेजारची वच्छला. तीस वर्षं शाळेत शिकवून रिटायर झाली, तेव्हापासून तिच्या हातले चैन नाही. ती माहं बोलणं शुद्ध करून लिहू पाहते. मी म्हटलं, वच्छला, तू हात दे, तोंड माहंच राहू दे.

आता कामाचं. तुही माय सरिता काल रामदासपेठेतल्या दवाखान्यातून ड्यूटी करून आली अन् म्हणाली, दीप्ती रडकुंडीले आली आहे, तिले महिन्याभरात वीस टिपा द्यायच्या आहेत, नाहीतर तिचं पुढचं शिक्षण अडते. अवं, वीस टिपा? माह्या मशीनवर वीस टिपा व्हायच्या तोवर चुलीवरचा चहा उकळत नसे. अन् एम.ए. झालेल्या पोट्टीले त्यांनी शिवायले काहून बसवलं? शिवायचंच होतं तर पुण्याले कशाले गेली? मशीन तर इथं खिडकीपाशी धूळ खाऊन राहिली.

टीप हाताची पाहिजे का मशीनची, अन् कापड कोणतं, ते लवकर कळव. रेशमी असेल तर सुई बारीक घे.

तुही आजी
अंजनाबाई
(अंगठा माहा, शाई वच्छलेची.)


पुणे
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र मेसमध्ये वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या मुलीला वाटलं मला ठसका लागला. चार्जरची गोष्ट खरी आहे, त्याबद्दल कान धरते.

पण आजी, ही टीप शिवणीची नाही गं. संशोधन सुरू करायच्या आधी, आपण कोणत्या पुस्तकांचा आणि लेखांचा आधार घेणार त्याची यादी करायची असते. तिला संदर्भसूची म्हणतात. नुसती नावं लिहून चालत नाही. प्रत्येक नावाखाली पाच-सहा ओळी लिहायच्या: यात काय आहे, लिहिणाऱ्याला ते कुठून कळलं, त्याच्यावर कितपत भरवसा ठेवावा, आणि माझ्या विषयाला याचा उपयोग काय. त्या ओळी म्हणजे टीप. म्हणून तिचं नाव सटीप संदर्भसूची. वीस पुस्तकं, वीस टिपा. माझ्या मार्गदर्शक अरुंधती मॅडम ती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बघणार. त्यांना पटली तरच माझी पीएच.डी.ची नोंदणी पक्की होते.

माझा विषय तुला सांगितलाच नव्हता, कारण तू चिडवशील म्हणून. कन्हान आणि नागपूरच्या वस्त्यांमध्ये घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बाया. चिडव आता.

काळजी करू नकोस, बारा टिपा झाल्यासुद्धा. आठच राहिल्यात.

एक मात्र कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. तुझ्यासारख्या, अक्षर न शिकलेल्या बाया इतक्या गिऱ्हाइकांची मापं लक्षात कशी ठेवायच्या? तुझ्याकडे चिंध्यांचं काहीतरी गाठोडं होतं ना? त्याबद्दल सविस्तर सांग. वच्छलामावशींना नमस्कार.

तुझी
दीप्ती


नागपूर
२० ऑगस्ट २०२५

दीप्ती वं,

शिकलेल्या लोकांची शब्दांची केवढी ही टंचाई. टीप आमची, नेली तुमी, अन् आमालेच सांगता की ही टीप ती टीप नाही. पण तू जे समजावलं ते ऐकून मले वाटते, तीच आहे. टीप कशासाठी असते? दोन कापडं एकमेकांले धरून राहावी म्हणून. तुहं पुस्तक अन् तुहा विषय, यांच्यामधली ती टीप.

बारा पुस्तकं आठ दिवसांत झाली म्हणते. तुले मी ओळखते. पहिलीचं पुस्तक तू वर्षभर पुरवून वाचलं होतं. एक सांगते, बाईच्या अंगावर चढवून न पाहता ब्लाउज छान बसला म्हणणारी शिंपीण मी पाहिली आहे. तिचं दुकान दिवाळीपर्यंतही टिकलं नाही.

आता गाठोड्याचं. ज्या बाईचा कपडा शिवायचा, तिच्याच कापडातली एक लांब चिंधी ठेवायची. चिंधीची लांबी म्हणजे छाती. पहिली गाठ म्हणजे कंबर, जोडगाठ म्हणजे बाही. इथवर तर कोणीही करेल. अक्कल पुढे आहे. त्या चिंधीच्या टोकावर रंगीत दोऱ्याची बारीक टीप घालायची. लाल टीप म्हणजे ही बाई सैल शीव म्हणते, पण मनातून तिले घट्टच पाहिजे. काळी टीप म्हणजे हिच्या घरचं कापड आटते, आधी भिजवून घे. निळी टीप म्हणजे पोटुशी आहे, शिवणीत कापड राखून ठेव, पुढे उसवून सैल करता येते. टिपेवरून हात फिरवला की बाई समोर उभी राहते. चौतीस चिंध्या आहेत अजून.

हे मले कोणी शिकवलं नाही. माह्याच डोक्यातून निघालं. कन्हानले नवी सून होती मी, शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण डोकं तर होतं. वाटल्यास वच्छलेले विचार, ती समोरच बसून लिहून राहिली.

अंजनाबाई


पुणे
९ सप्टेंबर २०२५

प्रिय आजी,

उत्तराला उशीर झाला. उशीर नाही, मी लिहायचं टाळत होते.

माझी यादी परत आली. मॅडमनी सातव्या पुस्तकावर बोट ठेवलं आणि विचारलं, यातलं कोणतं प्रकरण तुला उपयोगी वाटलं? मी ते उघडलंच नव्हतं. त्या पुस्तकाच्या नावात सुई आणि दोरा होते. मी मोबाइलला विचारलं, त्यानं सुंदर सहा ओळी सांगितल्या, त्या मी उतरवल्या. शिंपिणींची सखोल पाहणी, विश्वासार्ह आकडेवारी, वगैरे. मॅडमनी कपाटातून ते पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. ते कवितांचं पुस्तक निघालं, आजी. मी कवितांमधल्या आकडेवारीचं कौतुक केलं होतं.

मग त्यांनी बाकीचीही विचारली. विसातली तीनच मी खरी वाचली होती. त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "न वाचलेल्याची साक्ष द्यायची नसते, दीप्ती." दहा ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली आहे. तेव्हाही यादी खरी नसली तर नोंदणी रद्द.

दोन दिवस मी बॅग भरून बसले होते. आजोबा गेले तेव्हा तू मशीनवर बसून बाबांना शिकवलंस, आणि मी वाचनालयात बसूनसुद्धा पुस्तक उघडलं नाही. घरी यावं आणि तोंड लपवावं असं वाटतं.

सगळी यादी फाडली. एकच नोंद ठेवली आहे, एकविसावी. ती तुझी. आईनं चिंध्यांचे फोटो पाठवले, ते बघून लिहिली. ऐक:

"अंजनाबाई गजभिये यांच्या मापाच्या चिंध्या. अक्षरओळख नसताना गिऱ्हाइकाची माहिती दोऱ्याच्या टिपांनी नोंदवण्याची ही पद्धत अंजनाबाईंनी स्वतः शोधून काढली."

माझ्या यादीत एवढं एकच खरं आहे, कारण ते तुझ्या तोंडून ऐकलं आहे.

तुझी
दीप्ती


नागपूर
१६ सप्टेंबर २०२५

दीप्ती वं,

बॅगेतले कपडे पहिले बाहेर काढ. मग वाच.

तुहं पत्र वच्छलानं मले वाचून दाखवलं. कवितांच्या आकडेवारीवर मी पोट धरून हसली, ते तुले सांगितलंच पाहिजे. मग ती शेवटच्या नोंदीपर्यंत आली. तिनं ती वाचली, कागदाची घडी केली, अन् चष्मा पुसत बसली. आधीच पुसलेला चष्मा.

ही वच्छला कोणाची पोरगी आहे ते तुले माहीत नाही. कन्हानच्या रुख्मिणीबाई मेश्रामची. आमच्या साऱ्या मोहल्ल्यात मशीन एकट्या रुख्मिणीबाईजवळ होती. ती चौथी शिकलेली. मले शिवण तिनंच शिकवलं. अक्षरंही शिकवायले बसायची, पण मी पळायची, माह्या डोक्यात ते उतरतच नसे. एक दिवस ती कंटाळून म्हणाली, "तुले अक्षर नको तर नको, दोरा तरी वाच." अन् चिंधी हातात घेऊन तिनं लाल टीप घालून दाखवली. लाल, काळी, निळी, सारं तिचं. माह्यासाठी तिनं काढलेली ती लिपी होती. माह्या डोक्यातून काहीच निघालं नव्हतं.

रुख्मिणीबाई गेली त्याले तीस वर्षं होऊन गेली. विचारणारं कोणी राहिलं नाही. बाया म्हणायच्या, अंजना, काय डोकं गं तुहं. पहिल्यांदा मी गप्प राहिली, दुसऱ्यांदा हसली, अन् पुढे सांगता सांगता ते माहंच होऊन गेलं. तू मोबाइलचं ऐकून लिहिलं, मी बायांचं ऐकून मानलं. एकाच दुकानातली आपण दोघी.

अन् मागचं पत्र लिहिलं कोणी? वच्छलानंच. मी खोटं सांगत होती अन् ती माह्यासमोर बसून, गोल गोल अक्षरात, आपल्या मायचं नाव वगळलेलं लिहून राहिली होती. मी तिले विचारलं, काहून लिहिलं वं तू, हात अडला नाही?

ती म्हणाली, "पत्र तुमचं होतं, अंजनाबाई. माहं असतं तर मी मायचं नाव लिहिलं असतं."

मी तिले हात जोडले. तुले ठाऊक आहे, असं वर्षातून एखाद्या वेळेसच होते.

मग ती घरी गेली अन् पत्र्याचा एक डबा घेऊन आली. तिच्या मायचा. त्यात अकरा चिंध्या निघाल्या, माह्या चिंध्यांहून जुन्या. वच्छलेले त्यांतलं काही कळत नव्हतं, मायनं तिले अक्षरं शिकवली होती ना. म्हणून मी एकेक हातात घेऊन तिले वाचून दाखवली. ही लाल, ही सावकाराच्या घरची. ही काळी, हिची साडी दर धुण्याले वीतभर आटायची. नववी चिंधी हातात घेतली अन् मी थांबली. ती माह्याच ब्लाउजच्या कापडाची होती. माप माहंच. टोकाले निळी टीप.

पोरी, तेव्हा मी कोणाले सांगितलं नव्हतं. नवऱ्यालेही नाही. तुहा बाप नागसेन पोटात होता अन् माहा मलेच नीट भरवसा नव्हता. रुख्मिणीबाईनं माप घेताना ओळखलं, तोंडातून शब्द काढला नाही, अन् शिवणीत चार बोटं कापड राखून ठेवलं. पुढे सहाव्या महिन्यात ब्लाउज तंग झाला, मी उसवायले बसली, तर आत कापड तयार. मले वाटलं नशीब. पन्नास वर्षांनी कळलं की ते नशीब नव्हतं, बाई होती.

तर ती नोंद उसव. यादी फाडली ते चुकलं. चुकलेली शिवण उसवावी लागते, कापड फेकत नाही. वाचलेली तीन ठेव. बाकीच्याले आता अशी लाग. कपडा शिवायच्या आधी आमी कच्ची टीप घालतो. लांब लांब, सैल, ओढली की निघून येईल अशी. अंगावर चढवून पाहतो, मगच पक्की. तू पुस्तक हातात घे. पहिलं पान, शेवटचं पान, अन् मधलं जिथं आपलं काम आहे ते नीट वाच. मग पुस्तक मिटव, अन् एका पोस्टकार्डावर मले लिही की त्यात काय आहे. एक कार्ड, एक पुस्तक. कार्डावर जागाच कमी, पाल्हाळ लावता येत नाही. वच्छला वाचेल, मी ऐकेन. माह्यासारख्या अंगठेबहाद्दर बाईले समजलं तर समज की तू वाचलं. नाही समजलं तर पुन्हा उघड.

हे पत्र वच्छलानंच लिहिलं. या वेळी मध्ये एकदा हात अडला. नवव्या चिंधीपाशी.

अंजनाबाई


पोस्टकार्ड, पुणे, २१ सप्टेंबर

आजी, पुस्तक चौथं. लेखिकेनं एका शहरातल्या साठ शिंपिणींशी बोलून लिहिलं आहे. त्या दिवसभरात किती वेळ मशीनवर बसतात आणि किती वेळ चुलीपाशी, याची नोंद आहे. बोलून लिहिलं म्हणून भरवसा वाटतो. पण साठही जणी दुकानात काम करणाऱ्या. घरी शिवणारी एकही नाही. मला तुलनेला उपयोगी. दीप्ती


पोस्टकार्ड, पुणे, २४ सप्टेंबर

आजी, पुस्तक सातवं, म्हणजे पहिल्या यादीतलं आठवं. यात अनौपचारिक श्रमाच्या परिघीकरणाची मांडणी असून उत्पादनसंबंधांचं लिंगभावात्मक आकलन आहे. दीप्ती


पोस्टकार्ड, नागपूर, २९ सप्टेंबर

सातवं कार्ड मले समजलं नाही. वच्छलालेही समजलं नाही, अन् ती मास्तरीण होती. सरितानं दोनदा वाचलं अन् विचारलं, हे औषध आहे का? पुन्हा उघड. आजी


पोस्टकार्ड, पुणे, ३ ऑक्टोबर

आजी, पुन्हा उघडलं. पुस्तक सातवं: घरी केलेल्या कामाला लोक काम म्हणत नाहीत, कारण ते बाई करते, आणि घरात करते. एवढंच आहे, पण पुराव्यानिशी आहे, दोनशे पानं. फार चांगलं पुस्तक आहे गं. मी पहिल्यांदा त्याला मोठ्या शब्दांत गुंडाळलं, कारण अर्धंच वाचलं होतं. दीप्ती


पुणे
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय आजी, प्रिय वच्छलामावशी,

नोंदणी पक्की झाली.

तुमच्याकडे सोळा पुस्तकांची कार्डं आली असतील. शेवटचं मी पाठवलंच नाही, हातात घेऊनच मॅडमकडे गेले. त्यांनी पुन्हा पुस्तकांवर बोट ठेवून विचारलं आणि मी सांगत गेले. दोन ठिकाणी म्हटलं, हे मला कळलेलं नाही. त्यावर त्यांनी पहिल्यांदा मान डोलावली.

मग त्या एकविसाव्या नोंदीवर आल्या. ती त्यांनी मोठ्यानं वाचली. आता ती अशी आहे:

"मेश्राम, रुख्मिणी, आणि गजभिये, अंजनाबाई. मापाच्या चिंध्या. कन्हान, अंदाजे १९७० पासून पुढे. एकूण पंचेचाळीस, दोन घरगुती संग्रहांत. गिऱ्हाइकाचं माप गाठींनी आणि त्याबद्दलचा शिंपिणीचा अभिप्राय रंगीत टिपांनी नोंदवण्याची पद्धत रुख्मिणी मेश्राम यांनी, अक्षर न शिकलेल्या शिष्येसाठी तयार केली. अंजनाबाईंनी ती पुढे आयुष्यभर वापरली. वच्छला मेश्राम यांच्याकडच्या जुन्या चिंध्यांवरून पडताळलेली. या चिंध्या वाचता येणारी आज हयात असलेली एकमेव व्यक्ती म्हणजे अंजनाबाई. वस्तूंबाबत त्यांची साक्ष अत्यंत भरवशाची. वर्षांबाबत नाही. स्वतःबद्दल सांगतील ते दोनदा विचारून घ्यावे."

शेवटच्या वाक्याला मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, हे ठेव. मीही ठेवलं. रागावू नकोस.

आजी, तू खोटं सांगितलं होतंस हे तू मला सांगितलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं. माझी यादी पुन्हा खोटी झाली असती, आणि तीही सगळ्यात प्रेमानं लिहिलेल्या ओळीत. तू स्वतःची शिवण उसवून माझी वाचवलीस. आणि मावशी, तुम्ही दोन्ही पत्रं लिहिलीत, खोटंही आणि खरंही. तुमचे आभार कुठल्या नोंदीत बसवायचे ते मला अजून सापडलेलं नाही. शोधते आहे.

दीप्ती


नागपूर
२२ ऑक्टोबर २०२५

दीप्ती वं,

दोनदा विचारून घ्यावे म्हणे. ज्या आजीनं तुले तीन दिवसांची असताना अंघोळ घातली, तिच्याबद्दल हे. मी सरिताले सांगितलं, तुह्या पोट्टीनं माहं नाव मोठ्या कागदात घातलं अन् लाल टीप मारून ठेवली. पण खरं सांगू? आजवर लोकांनी मले एक तर अडाणी म्हटलं, नाहीतर फार हुशार म्हटलं. कुठं भरवसा ठेवावा अन् कुठं ठेवू नये, हे नीट पाहून सांगणारी तू पहिली. माप बरोबर घेतलं. ब्लाउज बसला.

ती नोंद वच्छलानं मले वाचून दाखवली. मायचं नाव आधी, माहं मागून. मी म्हटलं पुन्हा वाच. ती म्हणाली, आता सरिता वाचेल, मले जमत नाही. सरितानं वाचली. तिसऱ्यांदा मात्र वच्छलानं कागद तिच्या हातातून काढून घेतला अन् स्वतःच वाचली, शाळेत हजेरी घेतात तशा खणखणीत आवाजात. मेश्राम, रुख्मिणी. मले वाटलं, आतून कोणी हजर म्हणते की काय.

आभार कुठं बसवायचे म्हणून शोधू नको. वच्छला आता रोज दुपारी येते अन् मी तिले चिंध्या वाचायले शिकवून राहिली. तिले लाल अन् काळी येते, निळीत अजून चुकते. तीस वर्षं पोरांले शिकवलेली बाई, मी चूक काढली की पोट्ट्यासारखी रागावते. तिची माय मले अक्षर शिकवायले बसायची तेव्हा मी पळायची. ही पळत नाही. रुख्मिणीबाईचं जे माह्याजवळ होतं ते तिच्याच घरी परत जाऊन राहिलं, यापेक्षा मले दुसरं काय पाहिजे. तुही यादी नसती तर मी ते घेऊन मरली असती, तेही आपलं म्हणून. तुहे उपकार आहेत, पोरी. एकदाच सांगते, पुन्हा विचारलं तर कबूल करणार नाही.

आता खायचं. तू बाकरवडी धाडशील, मले माहीत आहे. धाडू नको. आमच्या दोघींच्या तोंडात मिळून सात दात आहेत, अन् ते समोरासमोर येत नाहीत. तिथली ती लोण्याची खुसखुशीत बिस्किटं असतात, चहात बुडवली की विरघळतात, ती धाड. पुडे दोन, वेगवेगळे बांध. एकावर वच्छलेचं नाव लिही, चांगलं मोठ्या अक्षरात. ज्याच्यावर काही लिहिलेलं नसेल ते मी माहं समजून घेईन.

तुही आजी
अंजनाबाई